कॅमेरा स्लायडर: जागा निवडण्यापासून ट्रॉली थांबेपर्यंत

मिरजेतल्या एका वाद्यकारागिराच्या कारखान्यात मी स्लायडर, म्हणजे रुळावरून कॅमेरा सरकवण्याचे साधन, पहिल्यांदा वापरला. तंबोरा आडवा ठेवलेला होता. त्याच्या दांडीला समांतर असा ६० सेंटिमीटरचा स्लायडर मांडला आणि तारांवरून कॅमेरा अगदी हळुवार, एकही धक्का बसू न देता सरकवला. घरी येऊन चित्रण पाहिले, तर मधले पाच-सहा सेकंद कॅमेरा जागचा हललाच नाही असे वाटत होते. हात स्थिर होता आणि रूळही स्वच्छ होते. चूक वेगळीच होती. तार लांबीभर सारखीच दिसते, त्यामुळे तारेच्या दिशेने सरकणाऱ्या कॅमेऱ्यापुढे क्षणोक्षणी तेच चित्र येत राहते, आणि खुंट्या किंवा तारांखालची घोडी फ्रेममध्ये शिरल्यावरच हालचाल कळते. दुसऱ्या दिवशी तोच स्लायडर तारांना काटकोनात मांडला, तेव्हा चारही तारा एकामागून एक लेन्ससमोरून जाऊ लागल्या, मागचा भोपळा त्यांच्या आडून सावकाश उलगडत गेला आणि जो शॉट हवा होता तो दहा मिनिटांत मिळाला.

स्लायडर शिकवताना हात थरथरू नये यावरच सगळा भर दिला जातो. हाताची सफाई लागतेच, ती सरावाने येतेही. पण निम्मे काम ट्रॉलीला, म्हणजे कॅमेरा वाहून नेणाऱ्या सरकत्या गाडीला, बोट लावण्यापूर्वी, स्लायडर कुठे आणि कोणत्या दिशेने मांडायचा हे ठरवताना होऊन जाते, असे माझे मत आहे.

स्लायडर निवडताना

घरातील, कारखान्यातील आणि लहान दुकानातील चित्रणासाठी ६० सेंटिमीटरचा स्लायडर पुरतो. लग्नाचा मांडव, नदीचा घाट किंवा बाजार समितीच्या आवारातील हळदीचे सौदे अशा मोकळ्या जागांसाठी ८० ते १२० सेंटिमीटर बरे. मात्र लांबी वाढली की वजन, वाहतूक आणि मांडणीचा वेळ हे सगळेच वाढते, आणि दुचाकीवरून फिरणाऱ्याने १२० सेंटिमीटरच्या मोहात पडू नये. एकच स्लायडर घ्यायचा असेल तर मी ८० सेंटिमीटरचा घेईन.

रचनेचे ढोबळ दोन प्रकार आहेत. एकात दोन समांतर नळ्या किंवा दांडे असतात, ॲल्युमिनियमचे अथवा कार्बन फायबरचे, आणि त्यांवरून बेअरिंगच्या चाकांची ट्रॉली धावते. दुसऱ्यात एकच रुंद पट्टी असून ट्रॉली तिच्या खाचेत बसते. पहिला प्रकार वजनाला हलका असतो, तर दुसरा सहसा अधिक ताठ असतो. काही स्लायडरांना पट्टा आणि जड चक्र जोडलेले असते. ते चक्र एकदा फिरू लागले की आपल्या जडत्वाने वेग टिकवून धरते आणि हाताचे लहानसहान हिसके गिळून टाकते. हाताने चालवण्याचा स्लायडर घेणार असाल तर या चक्रासाठी थोडे अधिक पैसे मोजणे योग्य ठरते.

वजनक्षमता पाहताना नुसत्या कॅमेऱ्याचे वजन धरू नये. लेन्स, हेड (कॅमेरा ज्यावर बसवून वळवतात ते डोके), माइक आणि मॉनिटर मिळून जी बेरीज येईल ती धरावी. दुकानातच एक चाचणी करावी. ट्रॉली दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवून पाहावी. खडखड जाणवली आणि चाकांच्या ताणाचे स्क्रू फिरवूनही ती गेली नाही, तर तो स्लायडर घेऊ नये, कारण तीच खडखड लांब, म्हणजे दूरचे मोठे करून दाखवणाऱ्या, लेन्सवर भूकंपासारखी दिसते. त्यानंतर एक टोक किंचित उचलून ट्रॉली सोडावी. ती कुठेही न अडखळता एकसारखी उतरली पाहिजे.

जवळच्या वस्तूचे गणित

स्लायडरच्या शॉटमध्ये डोळ्याला जी हालचाल जाणवते, ती जवळच्या आणि दूरच्या वस्तू वेगवेगळ्या वेगाने सरकल्यामुळे जाणवते. आगगाडीच्या खिडकीतून रुळालगतचे खांब भर्रकन मागे जातात आणि लांबचा डोंगर मात्र गाडीबरोबर चालत असल्यासारखा दिसतो, तसाच हा प्रकार आहे. याचे गणित एकदा डोक्यात बसले की जागा निवडणे सोपे होते.

फुलफ्रेम कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, ३६ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर २४ मिलिमीटरची लेन्स लावली, तर अर्ध्या मीटरवर कॅमेऱ्याला ७५ सेंटिमीटर रुंदीचा पट्टा दिसतो, पाच मीटरवर साडेसात मीटरचा आणि ५०० मीटरवर ७५० मीटरचा. आता कॅमेरा ६० सेंटिमीटर सरकवला, तर अर्ध्या मीटरवरची वस्तू फ्रेमच्या ८० टक्के रुंदी ओलांडते, पाच मीटरवरची जेमतेम ८ टक्के सरकते आणि ५०० मीटरवरची ०.०८ टक्के, म्हणजे ३८४० पिक्सेल रुंदीच्या चित्रात अवघे तीन पिक्सेल. सांगलीच्या कृष्णाघाटावर उभे राहून दूरवरच्या आयर्विन पुलाकडे लेन्स रोखली आणि मध्ये काहीच नसेल, तर कितीही महागडा स्लायडर असला तरी तो शॉट ट्रायपॉडवरच्या स्थिर शॉटसारखाच दिसणार आहे.

म्हणून अशा ठिकाणी आधी अग्रभाग शोधावा: काठाला बांधलेल्या नावेचे टोक, घाटाच्या पायरीची कड, वडाची पारंबी, देवळाचा खांब. ही वस्तू लेन्सपासून अर्धा ते एक मीटर अंतरावर असावी आणि ती किंचित धूसर दिसली तरी चालते. किंबहुना तसे बरेच. तिने फ्रेमचा निम्म्याहून अधिक भाग व्यापू नये. बाजारात हळदीच्या राशीजवळ खाली बसून, राशीची कड अग्रभागी घेऊन मागचे खरेदीदार दाखवले, तर ४० सेंटिमीटरची सरक पुरेशी होते. कारखान्यात टांगलेल्या भोपळ्यांची रांग मिळाली तर आणखी काही शोधायलाच नको.

दिशेचा नियम मी तंबोऱ्यावर शिकलो. भिंत, पट्टी, तार, रस्ता, कठडा अशी कोणतीही लांबच लांब एकसारखी वस्तू तिच्या लांबीच्या दिशेने सरकून दाखवू नये. तिला आडवे जावे, नाही तर तिरके. कठड्याला नक्षीदार गज असतील तर गोष्ट वेगळी, कारण तेथे प्रत्येक गज ही स्वतंत्र वस्तू होते.

मांडणी

जमिनीवर किंवा टेबलावर स्लायडर त्याच्या स्वतःच्या पायांवर उभा करणे सर्वांत सोपे आणि सर्वांत स्थिर असते. घाटाच्या दगडी पायऱ्या मात्र कधीच एका पातळीत नसतात. तेथे पायांचे स्क्रू कमी-जास्त करून आधी स्लायडर डुगडुगतो का ते पाहावे आणि मग पातळी लावावी. यासाठी गवंड्याची लहान पाणसळ पिशवीत असू द्यावी, कारण स्लायडरवर बसवलेला इवलासा गोल बुडबुडा उन्हात नीट दिसत नाही. रुळाला उतार राहिला तर एका दिशेने जाताना ट्रॉली आपोआप वेग घेते आणि उलट दिशेने ती ढकलावी लागते, त्यामुळे दोन्ही शॉटचा वेग जुळत नाही.

एकाच ट्रायपॉडवर मध्यभागी स्लायडर बसवण्याची पद्धत सर्रास आहे, आणि लहान कॅमेऱ्यासाठी ती चालतेही. पण दोन किलोचा कॅमेरा ८० सेंटिमीटरच्या स्लायडरच्या टोकाला गेला की तो मध्यापासून ४० सेंटिमीटरवर लोंबकळत असतो आणि तेवढ्या तरफेने ट्रायपॉडच्या डोक्याला वाकवत असतो. ट्रायपॉड पडला नाही तरी शॉटच्या सुरुवातीला सरळ असलेले क्षितिज शेवटी एका बाजूला कललेले दिसते. त्यामुळे ट्रायपॉडचे पाय पुरते फाकवावेत, मधला उंचीचा दांडा वर काढू नये आणि मध्यभागी वजन टांगावे. खास वाळूची पिशवी हवीच असे नाही; पाच किलो ज्वारीची पिशवी तेच काम करते आणि गावातल्या चित्रणात ती कोणाच्याही घरी मिळते.

८० सेंटिमीटरच्या पुढे दोन्ही टोकांना स्वतंत्र स्टँड द्यावेत. मग कलण्याचा प्रश्न मिटतो, परंतु मध्यभागी झोळ पडण्याचा नवा प्रश्न येतो. दोन आधारांमधले अंतर दुप्पट केले की तेवढ्याच वजनाखाली पडणारा झोळ आठपट होतो. कॅमेरा जड असेल तर मध्ये तिसरा आधार, अगदी विटांचा थर रचूनसुद्धा, द्यावा.

पातळीचा क्रम चुकवू नये. प्रथम रूळ, मग हेड. आधी कॅमेऱ्याचे क्षितिज सरळ करून नंतर स्लायडरचे पाय हलवत बसलो तर दोन्हीकडचे काम बिघडते. शेवटी ट्रॉली डावे टोक, मध्य आणि उजवे टोक अशा तिन्ही ठिकाणी थांबवून पडद्यावरील क्षितिजरेषा तपासावी.

कॅमेऱ्यातली तयारी

एक्स्पोजर (चित्राचा उजळपणा), व्हाइट बॅलन्स (रंगछटेचा समतोल) आणि आयएसओ (उजेडाची संवेदनक्षमता) हे तिन्ही हाताने बांधून टाकावेत. कॅमेरा सरकताना उजेडाची खिडकी फ्रेममध्ये आली आणि स्वयंचलित एक्स्पोजरने चित्र मध्येच काळवंडले, तर संपादनात ते दुरुस्त करणे जिकिरीचे होते.

२५ फ्रेम प्रतिसेकंद या गतीला शटर १/५० सेकंद आणि ५० फ्रेमला १/१०० ठेवावे. हालचालीत नैसर्गिक वाटेल इतकी अस्पष्टता त्याने येते. आपल्याकडच्या विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ट्यूबलाइटचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, आणि त्या उजेडातही हीच दोन शटरे सुरक्षित ठरतात. भर उन्हात आयएसओ १०० वर १/१०० ला लेन्सचे छिद्र साधारण एफ १६ लागते (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). आपल्याला १/५० आणि एफ ४ हवे असेल तर पाच स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) उजेड कमी करावा लागतो, म्हणजे ३२ पट कमी करणारा एनडी फिल्टर, लेन्सवर लावायची करडी काच. तो नसताना अनेक जण शटर १/१००० पर्यंत नेतात आणि मग शॉट तुटक का दिसतो म्हणून स्लायडरला दोष देतात.

लेन्समधील आणि कॅमेऱ्यातील स्थिरीकरण बंद करावे. आपण मुद्दाम केलेली हालचाल यंत्रणेला थरथर वाटते, ती काही क्षण चित्र धरून ठेवते आणि नंतर एकदम सोडते. शॉटच्या आरंभी आणि शेवटी ही ओढाताण विशेष दिसते.

फोकसबाबत मात्र जरा थांबून समजून घ्यावे लागते. कॅमेरा वळवला नाही आणि वस्तूला समांतर सरकवला, तर फोकस हलवण्याची गरज पडत नाही, कारण फोकसची पातळी सेन्सरला समांतर असते आणि वस्तू त्याच पातळीत राहते. पण सरकताना वस्तू मध्यभागी ठेवण्यासाठी कॅमेरा वळवू लागलो की हे समीकरण बदलते. वस्तू रुळाच्या मध्यापासून एक मीटरवर असेल आणि कॅमेरा मध्यापासून ३० सेंटिमीटर बाजूला असेल, तर अंतर सुमारे १०४ सेंटिमीटर होते. हा चार सेंटिमीटरचा फरक क्षुल्लक वाटतो. परंतु ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर एफ २.८ ला एक मीटरवर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम २.३ सेंटिमीटर असते. म्हणजे टोकांना वस्तू हमखास धूसर होणार. ५० मिलिमीटरची लेन्स आणि एफ ५.६ घेतले तर तीच खोली १३ सेंटिमीटरच्या आसपास जाते आणि प्रश्न उरत नाही. नवशिक्याने सुरुवातीचे काही महिने याच जोडीवर काढावेत. वस्तूच्या दिशेने पुढे सरकणाऱ्या शॉटमध्ये, शॉट जेथे संपतो तेथे फोकस लावून ठेवावा. चित्र आरंभी मऊ असून शेवटी टोकदार झाले तर ते हेतुपुरस्सर वाटते, उलट झाले तर चूक वाटते.

ट्रॉली सरकवणे

हात कॅमेऱ्याला लावू नये, कारण त्याने हेड आणि लेन्स हलतात. ट्रॉलीच्या तळाशी, रुळाच्या शक्य तितक्या जवळ, अंगठा आणि एक बोट टेकवावे. मनगट वळवून ढकलले तर हात वर्तुळाकार फिरतो आणि वेग कमी-जास्त होतो. त्याऐवजी पाय फाकवून उभे राहावे, कोपर अंगाला चिकटवावे आणि शरीराचा भार एका पायावरून दुसऱ्या पायावर न्यावा. हात हलतो तो शरीराबरोबर. श्वास रोखून धरणाऱ्यांचा हात सातव्या-आठव्या सेकंदाला कापू लागतो, म्हणून सावकाश श्वास सोडत सरकवावे.

वेगासाठी एक जुना ठोकताळा आहे: २५ फ्रेमच्या चित्रणात ठळक वस्तूला फ्रेमच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जायला साधारण सात सेकंद तरी लागावेत, नाही तर चित्र अडखळत गेल्यासारखे दिसते. वर सांगितलेल्या २४ मिलिमीटरच्या उदाहरणात अर्ध्या मीटरवरची वस्तू ७५ सेंटिमीटरचा पट्टा ओलांडते, त्यामुळे ६० सेंटिमीटरचा प्रवास सहा सेकंदांच्या आत संपवू नये. ८५ मिलिमीटरच्या लेन्सवर एक मीटरवरचा पट्टा अवघा ४२ सेंटिमीटरचा असतो. तेथे तेवढ्याच प्रवासाला दहा सेकंद हवेत. घड्याळ पाहत सरकवता येत नाही, म्हणून मनात मोजावे. मिरजेच्या कारखान्यात कोणी तंबोरा छेडत बसलेले असेल तर माझे काम सोपे होते, कारण चार तारांचे एक आवर्तन हेच माझे माप होते आणि हाताला लय आपोआप मिळते.

प्रत्येक शॉटला स्थिर आरंभ आणि स्थिर शेवट द्यावा. रेकॉर्डिंग सुरू करून तीन सेकंद काहीच करू नये, मग पहिल्या पाच-सात सेंटिमीटरांत वेग हळूहळू घ्यावा, मधला प्रवास एकसारखा ठेवावा, शेवटच्या पाच-सात सेंटिमीटरांत वेग उतरवावा आणि थांबल्यावर पुन्हा तीन सेकंद थांबावे. ट्रॉली रुळाच्या अगदी टोकावर आदळू देऊ नये. ठक्क असा आवाजही येतो आणि कॅमेरा हादरतो. टोकांच्या अलीकडे कागदी चिकटपट्टीच्या खुणा केल्या तर नजर पडद्यावर ठेवता येते. तोच शॉट उलट दिशेनेही घ्यावा. संपादनात आधीचा शॉट डावीकडून उजवीकडे गेला असेल तर पुढचा कोणत्या दिशेचा लागेल हे चित्रणाच्या वेळी सांगता येत नाही.

हात तरीही बसत नसेल तर एक साधा उपाय आहे. ट्रॉलीला जाड रबरबँड अडकवावा आणि ट्रॉली न ओढता रबरबँड ओढावा. बोटांचा हिसका रबराच्या ताणात जिरतो. रबर फार लवचिक असेल तर ट्रॉली उशिरा निघून झेप घेते, म्हणून दोन-तीन जाडीचे रबरबँड आधी वापरून पाहावेत. ५० फ्रेमने चित्रण करून ते २५ फ्रेमवर सावकाश चालवले की बारीक थरथर लपते. मात्र फ्रेममध्ये रंधा चालवणारा कारागीर असेल तर त्याचाही वेग निम्मा होतो, आणि ज्याचे कौतुक त्याच्या हातातील झपाट्यात आहे त्याला मंद करणे मला पटत नाही.

आडवी सरक जमली की पुढे जाणारा शॉट घ्यावा. त्यासाठी स्लायडर वस्तूच्या दिशेने मांडावा. यात रुंद लेन्सच्या फ्रेममध्ये रुळाचे पुढचे टोक दिसण्याची शक्यता असते, म्हणून कॅमेरा हेडवर उंच घ्यावा किंवा रुळाचे टोक थोडे खाली झुकवावे. त्यानंतर आड घेऊन उलगडण्याचा शॉट: कॅमेरा दाराच्या चौकटीमागे सुरू करावा आणि सरकत आतला माणूस दाखवावा. चौकटीने आरंभी निम्म्याहून अधिक फ्रेम झाकली तरी येथे हरकत नाही, कारण ती दूर होणे हाच शॉट आहे. सरकता सरकता कॅमेरा वळवून वस्तूला प्रदक्षिणा घातल्याचा भास निर्माण करणारा शॉट सर्वांत अवघड. त्यासाठी फ्ल्यूइड हेड, म्हणजे दांड्याने संथपणे वळणारे हेड, हवे. गोळ्यावर कोणत्याही बाजूला कलणाऱ्या बॉल हेडवर तो करायला जाऊ नये. एक हात ट्रॉलीवर, दुसरा हेडच्या दांड्यावर, आणि नजर फ्रेमच्या मध्यावरील एका खुणेवर, उदाहरणार्थ एखाद्या खुंटीवर, खिळवलेली असावी.

मोटारचा उपयोग

मोटार लावलेला स्लायडर वेग अचूक ठेवतो आणि तोच शॉट हवा तितक्या वेळा जसाच्या तसा देतो. वस्तूंच्या जाहिरातीसाठी आणि मुलाखतीत दुसऱ्या कॅमेऱ्यासाठी तो सोयीचा आहे, परंतु शांत खोलीत मोटारीचा गुणगुणाट माइकमध्ये येतो, तेव्हा आवाज वेगळा घ्यावा. त्याचा खरा फायदा टाइमलॅप्समध्ये, म्हणजे ठराविक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेल्या वेगवान चित्रणात, दिसतो. दंडोबाच्या डोंगरावरून पावसाळी ढग टिपायचे असतील तर ३०० फोटो घ्यावेत. २५ फ्रेमच्या हिशेबाने १२ सेकंदांचा शॉट तयार होतो. ६० सेंटिमीटरचा प्रवास ३०० भागांत विभागला की प्रत्येक फोटोमागे दोन मिलिमीटर सरक येते, आणि चार सेकंदांच्या अंतराने फोटो घेतले तर काम २० मिनिटांत पूर्ण होते. मोटार दोन फोटोंच्या मधल्या वेळात हलून थांबेल अशी निवड करावी. येथेही अग्रभागी गवताची काडी किंवा दगड हवाच. मात्र गवत वाऱ्याने हलत असते, त्यामुळे मी दगड पसंत करतो.

संपादनात सॉफ्टवेअरचे स्थिरीकरण जपून वापरावे. जवळच्या आणि दूरच्या वस्तू वेगवेगळ्या सरकत असल्याने सॉफ्टवेअरचा गोंधळ उडतो आणि मागची भिंत पाण्यासारखी हेलकावते. शॉटचा बिघडलेला भाग कापून उरलेला वापरणे पुष्कळदा चांगले.

देखभाल

हळदीची पूड आणि लाकडाचा भुसा हे या भागातले स्लायडरचे दोन शत्रू. चित्रण संपताच मऊ ब्रशने रूळ आणि चाके झाडावीत आणि नंतर कोरड्या सुती कापडाने पुसावीत. शिवणयंत्राचे तेल रुळावर घालण्याचा मोह टाळावा. मी ते एकदा केले होते. दुसऱ्या दिवशी बाजारातली पूड त्या तेलावर बसून पिवळा चिखल झाला आणि ट्रॉली सोडवून प्रत्येक चाक वेगळे साफ करावे लागले. महिन्यातून एकदा चाकांच्या ताणाचे स्क्रू तपासावेत, ट्रॉली डुगडुगली नाही पाहिजे आणि अडखळलीही नाही पाहिजे इतकेच आवळावेत. प्रवासात ट्रॉलीचा लॉक लावावा आणि हेड काढून वेगळे बांधावे, कारण दुचाकीवर खड्ड्यातून जाताना सैल ट्रॉली दोन्ही टोकांवर आपटत राहते आणि चाकांवर सपाट ठिपके पडतात. ते ठिपके नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. पुढच्या शॉटमध्ये ठराविक अंतरावर येणाऱ्या बारीक धक्क्यांवरून ते कळतात, आणि मग ते चाक बदलावेच लागते.